सेवाग्रामच्या धुऱ्यावर

सकाळचं चालणं चुकलं की माझा अख्खा दिवस नासतो. पुण्यात टेकडी आहे. परगावी गेलो की मी शेतं शोधतो. सेवाग्रामला गेलो तो निम्मा गांधींसाठी आणि निम्मा यासाठी, की तिथे कुट्यांच्या मागे शेती आहे, गोठा आहे आणि हे सगळं अजून चालतं असं ऐकलं होतं. नोव्हेंबर सरत आला होता, हवेत गारवा होता. अंगात खादीचा सदरा होता, गांधी जयंतीच्या सवलतीत घेतलेला, आणि या प्रसंगासाठी मुद्दाम इस्त्री केलेला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे फजिती झाली ती याच सदऱ्यामुळे.

आदि निवास पाहिला, बा कुटी पाहिली. बापू कुटीत मात्र टेकायला जागा नव्हती. कुठल्याशा सहलीतली मंडळी एकेक करून दाराशी उभी राहून फोटो काढत होती, आणि 'आता सगळे एकत्र' हे चौथ्यांदा चाललं होतं. माती, बांबू आणि कवेलूंच्या त्या घरात मला दहा मिनिटं गप्प बसायचं होतं. गप्प बसायला आलेला माणूस इतका चिडलेला असू नये, हे कळत होतं. गांधींनी १९३६ साली लावलेल्या पिंपळाखाली थोडा थांबलो आणि मागच्या बाजूला सटकलो.

तिथून पुढे माझा जीव रमला. भाजीचे वाफे, शेणाचा ओला वास, कडुनिंबाची सावली. गाय इथे गाय म्हणून उभी होती, प्रदर्शनातली वस्तू म्हणून नव्हे. कडुनिंब पाहून आठवलं, की बापूंच्या पंगतीत त्याच्या पाल्याची कडू चटणी वाढली जाई आणि पाहुणे ती निमूट गिळत. आपण त्या काळात नव्हतो याबद्दल मी क्षणभर कृतज्ञ झालो. वाट संपली तिथे पांदण लागली. दोन्ही बाजूंना काट्याचं कुंपण, मध्ये बंडीच्या चाकोऱ्या. आश्रमाची हद्द मागे पडली आणि कुणाच्या तरी वावरात पांढरी झालेली पऱ्हाटी दिसली. मी सरळ आत शिरलो.

"धुऱ्यानं चाला ना जी! फांद्या मोडून राहिल्या!"

आवाज पऱ्हाटीतूनच आला. कमरेला फडक्याची ओटी बांधलेली, डोक्यावर रुमाल, कापूस वेचत असलेली एक बाई. मी ओशाळून बांधावर आलो. त्याला इकडे धुरा म्हणतात हे तेव्हाच कळलं.

"चुकलं, मावशी."

"मावशी कोन? केस त तुमचे माह्यापेक्षा पांढरे हायेत."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मी 'ताई' म्हणालो, तिनं ते मान्य केलं.

"आश्रम पाह्याले आले?"

"हो. म्हटलं, शेतीही पाहावी."

"पाहून काय समजते? या इकडं."

तिनं दाखवलं ते असं : बोंड धरायचं, पाकळ्यांमधला कापूस एका झटक्यात सगळा ओढायचा, मागे धागा राहू द्यायचा नाही, आणि वाळलेला पाला त्यात येऊ द्यायचा नाही. तिच्या दोन्ही हातांना वेगवेगळी झाडं दिसत होती. माझ्या दोन्ही हातांना मिळून एक बोंड आवरेना. वाळलेल्या बोंडाची टोकं सुयांसारखी असतात, हे मला पन्नास वर्षं सुती कपडे घालून माहीत नव्हतं. पाचव्या बोंडाला नखाशेजारी रक्त आलं. तिनं पाहिलं, पण थांबा म्हणाली नाही. मलाही थांबवेना.

मग तिनं माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली, अंगठ्यानं चोळून पाहिली.

"हातचं हाय?"

"हो, हातसूत, हातमाग." मी अभिमानानं म्हणालो.

"महाग असन."

"सवलतीत मिळाला."

"कापूस आमचा बी सवलतीतच जाते," असं म्हणून ती पुढच्या झाडाकडे वळली. स्वर तक्रारीचा नव्हता. उन्हं चढली असं म्हणावं, तितक्या सहज म्हणाली.

ओटीतल्या कापसातून मी सरकीचा एक दाणा काढला आणि शहरी उत्साहानं विचारलं, की हा घरी कुंडीत लावला तर येईल का.

"उगवन. पन असं बोंड धरन याचा भरवसा नाई. बी पाकिटातलं हाय. दरसाल नवं पाकीट आना लागते."

हे वाक्य माझ्या मागे लागलं. इथून दक्षिणेला याच जिल्ह्यात हिंगणघाट आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसामागे धावल्या. तेव्हा 'हिंगणघाट' हे व्यापाऱ्यांच्या तोंडी गावाचं नव्हे, कापसाच्या जातीचं नाव होतं. त्या कापसाची सरकी घरचीच असे, म्हणजे यंदाच्या बोंडात पुढच्या सालाचं पीक. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि संकरित बियाण्याच्या पाकिटांनी शिवारं व्यापली. संकरित पिकाची सरकी पुन्हा पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत. स्वावलंबनाचा धडा जिथून देशाला दिला गेला, तिथून हाकेच्या अंतरावर बी बाजारातून येतं. कुटीतल्या गर्दीपेक्षा मला हे जास्त बोचलं.

दुपारी तिनं फडक्यातली भाकर सोडली. वर लाल मिरचीचा ठेसा आणि कच्चं तेल. मी 'नको, नको' म्हणत अर्धी भाकर खाल्ली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ती हसली नाही, कांदा पुढे सरकवला. बापूंच्या चटणीपेक्षा हा जाळ मी हजारदा पत्करीन.

निघताना माझा कापूस तिनं हातात तोलला. "पाव किलो असन," म्हणाली आणि आपल्या ढिगात टाकला.

दुसरा दिवस पवनारला धाम नदीच्या काठी गेला, तिसरा वर्ध्यात मगन संग्रहालयात चरखे पाहण्यात. स्टेशनवर गोरसपाकाचे दोन पुडे घेतले, ते वाटेतच संपले.

पुण्याला परतल्यावर सदरा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. २७० ग्रॅम भरला. वेचलेल्या कापसात रुई साधारण एक तृतीयांश, बाकी सरकी. म्हणजे माझ्या पाव किलोची रुई ऐंशी ग्रॅमच्या आसपास. पिंजताना-कातताना काही वाया गेलं नाही असं धरलं, तर त्यात दोन बाह्या जेमतेम निघतात. गळपट्टीला काही उरत नाही.