भिगवण स्टेशनापासून होडीच्या कांठापर्यंत

अल्प खर्चांत जलविहार करावयाचा, तर बारामती-इंदापूरकरांस मुंबईचें बंदर गांठावयास नको. पुणें-सोलापूर लोहमार्गावर दौंडच्या पुढें भिगवण स्टेशन लागतें. तेथून कुंभारगांवचा कांठ फार दूर नाहीं. १९८० सालीं उजनी धरण पुरें झालें, आणि भीमेच्या अडलेल्या पाण्याचा यशवंतसागर बनला. हिवाळ्यांत तेथें रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात.

भिगवणास थोड्याच गाड्या थांबतात, म्हणून वेळापत्रक आधीं पाहावें, बारामतीकरांस एस. टी.च सोईची. होडीचें भाडें बहुधा माणशीं नसून होडीमागें असतें. चारपांच सोबती जमविले, म्हणजे रिक्षा व होडी दोन्ही परवडतात.

गेल्या माघांत आम्ही पांचजण असेच गेलों. होडींत पाय ठेवणार, तोंच वारा उठला. "आज नको, गुरुजी," नावाडी म्हणाला. सोबती कुरकुरले, येण्याचा खर्च वायां गेला होता. मला मात्र २१ मे २०२४ हा दिवस आठवला. कुगांवाहून कळाशीस येणारी होडी याच जलाशयांत वादळी वाऱ्यानें उलटली व सहा जीव गेले. आम्ही मुकाट्यानें परतलों.

काटकसर भाड्यांत करावी, जिवाशीं करूं नये. जीवरक्षक जाकीट मागून घ्यावें, आणि नावाडी नको म्हणेल त्या दिवशीं कांठावरूनच पक्षी पाहावे.