कोयत्याची मूठ

पवईच्या आय. आय. टी. मधील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ सालचें. नित्याच्या वस्तूंची घडण तेथें शिकवितात. नातवानें तेथें प्रवेश घेतला, तेव्हां 'इंजिनिअर होऊन आतां सुतारकी शिकणार काय?' असें आम्हीं रागानें विचारलें. वर्षभर अबोलाच होता. गेल्या माघांत स्वारी बारामतीस आली ती कोयत्याची मूठ सुधारावयास! इंदापूर तालुक्यांत, भवानीनगरच्या फडांत, बीडकडून तोडणीस आलेल्या बायांच्या तळहातांवरचे घट्टे त्यानें वहींत रेखाटले. ती वही पाहून आम्ही गप्प बसलों. जन्म उसाच्या मुलखांत गेला, पण ते हात आम्हीं कधीं निरखिले नव्हते. त्यानें केलेल्या सहा मुठी बायांनीं हंसून परत केल्या. सातवी एकीनें ठेवूनच घेतली. आतां परीक्षकांस दाखवावयास नातवापाशीं कांहींच नाहीं.