दादाची बाटली

बुऱ्हाणपूरच्या जुन्या घरांच्या आठवणी सगळे लिहिताहेत, म्हणून ही एक आमच्याही घरातली.

माझा थोरला भाऊ नाशिककडे स्थायिक झाला, तिथे द्राक्षबाग केली. माल वाइनच्या कारखान्यात जायचा. एका दिवाळीला आला तेव्हा आईची नजर चुकवून त्याने माझ्या हातात रेड वाइनची बाटली ठेवली. "आपल्या बागेतली द्राक्षं आहेत रे यात. पुढच्या दिवाळीला दोघं मिळून उघडू."

आमचे वडील माळकरी. घरात दारूचं नाव काढायची सोय नाही. मी बाटली माळ्यावर, ट्रंकेमागे उभी करून ठेवली. वर पत्रा! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, माळ्यावर तर भट्टीच.

दिवाळीला दोघं चोरासारखे वर गेलो. बूच अर्धा बोट वर आलेलं, बाटलीवर चिकट ओघळ. चव आंबट, शिजलेल्या फळासारखी. दादा चिडला नाही. म्हणाला, "उष्णतेनं आतला रस फुगतो, बूच ढकलतो, मग हवा शिरते. हिला १२ ते १५ अंश लागतात, अंधार लागतो. आणि बुचाची बाटली आडवी ठेवायची, बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी चालते."

दारू लपवायचा उद्योग आपल्या गावाला नवा नाही म्हणा. अकबराचा मुलगा दानियाल १६०५ साली इथेच दारूपायी गेला. सासरे अब्दुल रहीम खानखाना यांचा पहारा असताना नोकराने बंदुकीच्या नळीतून दारू आत नेली आणि नळीतला गंज तिच्यात उतरला, असं जहांगीरने लिहून ठेवलंय.

आम्ही बोलत असताना खालून आईचा आवाज आला, "काय नासलं रे वर?" सांगावंच लागलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "वर्षाचं लोणचं मी कधी माळ्यावर ठेवलंय का? मला विचारलं असतंस तर जागा सांगितली असती."

दादाने पुढच्या वर्षी दुसरी बाटली दिली, या वेळी आईसमोर. तिने ती कागदात गुंडाळून माजघरात, जाड भिंतीशी, रांजणामागे आडवी ठेवली. होळी झाली, ऊन तापलं, तसं माजघरही पुरेना. तेव्हा तिने स्वतः फ्रिजमधला भाजीचा खालचा खण रिकामा केला. दारात ठेवू दिली नाही, "सारखं उघडझाप, हिंदकळेल." पावसाळा लागल्यावर बाटली परत माजघरात.

त्या भाद्रपदात दादा गेला.

दिवाळीला वहिनी आणि पुतण्या आले. बाटली उघडली. बूच जागच्या जागी, ओलं. आम्ही तिघांनी दोन-दोन घोट घेतले, कोणी बोललं नाही. आई उंबऱ्यात उभी होती. तिने पेला हातात घेतला, नाकाशी नेला, आणि पदर डोळ्यांना लावत म्हणाली, "चांगली राहिली गं. त्याच्या बागेचाच वास आहे."

उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. उघडल्यावर तीन-चार दिवसांत संपवायची असते. रिकामी बाटली अजून माजघरात आहे. आईने तीत मनीप्लँट लावलाय.