ओरेगनच्या रानातला डबा

मैत्रिणींनो, परदेशी लेकीकडे राहून आलेल्या कुणाही बाईला विचारा, ती एक वाक्य हमखास बोलेल. "सगळं छान हो, पण तिथे आपलं काही चालत नाही." इथे आपण घरात राज्य करतो, तिथे मात्र साधी शेगडी पेटवायची तरी कुणाला तरी हाक मारावी लागते. २०२३ च्या दिवाळीला मी ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड गावी लेकीकडे गेले, तेव्हा माझीही गत तीच झाली. लेक-जावई कामावर, नात शाळेत, आणि मी खिडकीशी बसून पाऊस बघते आहे! तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही. बारीक, गार, दिवसभर झिमझिमणारा. एखाद्या दिवशी ढग सरले की पूर्वेला माउंट हूडचे पांढरेशुभ्र शिखर दिसायचे, आणि तेवढ्याने जीव हरखून जायचा.

नात दहा वर्षांची. तिला एका खेळाचे भारी वेड. त्याचे नाव जिओकॅशिंग. 'कॅश' म्हणजे पैसे नव्हेत बरं का, लपवून ठेवलेला साठा. कुणीतरी रानात, बागेत, पुलाखाली एक डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे. दुसऱ्यांनी ते आकडे घेऊन डबा शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, हवी तर एखादी वस्तू घ्यायची आणि तेवढ्याच मोलाची आपली ठेवायची. मग डबा होता तसा परत झाकून यायचे. आपल्या लहानपणच्या खजिना-शोधाचीच ही मोठी बहीण म्हणा ना!

आणि गंमत बघा, हा खेळ जिथे जन्मला ती जागा लेकीच्या घरापासून मोटारने तासाभरातच होती. उपग्रहांवरून आपली जागा सांगणारी जीपीएस यंत्रणा मूळची अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसांना मिळणारे संकेत मुद्दाम बिघडवून पाठवलेले असत, त्यामुळे जागा शंभरेक मीटरने चुकायची. २ मे २००० रोजी सरकारने तो बिघाड काढून टाकला. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली. आत पुस्तके, व्हिडिओ, थोडे पैसे, एक बेचकी आणि चक्क घेवड्याच्या उसळीचा बंद डबा! आकडे त्यांनी जाहीर केले, आणि तीन दिवसांच्या आत माणसे शोधत तिथे पोहोचलीसुद्धा. ती बादली आता तिथे नाही, पण त्या जागी आठवणीची पाटी बसवली आहे आणि नवा डबाही ठेवला आहे.

"आजी, आपण दोघी तिथे सही करायची," असे नातीने मला आल्या दिवशीच बजावले होते. मी मान डोलावली खरी, पण मनात म्हटले, मला काय जमतंय त्यातलं!

पहिल्या खेपेला आम्ही फजित पावलो. नोव्हेंबरातला शनिवार, जेवणे आटोपून निघालो. सगळी भिस्त लेकीच्या मोबाइलवर. गाव मागे पडले, डग्लस फरची उंचच उंच झाडे दोन्ही बाजूंनी जवळ आली, आणि मोबाइलची रेंज गेली. नकाशा जागच्या जागी थिजला. खाली उतरून बघावे तर पावसाचे थेंब काचेवर पडून पडदा भलतेच काही उघडायचा. थंडीने बॅटरीही भराभर उतरू लागली. दोनदा चुकीच्या वळणाला लागलो. तिथे त्या दिवसांत साडेचारलाच अंधारते. जावयांनी मुकाट्याने गाडी वळवली. नात रडली नाही, पण घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. आणि माझे परतीचे तिकीट होते पुढच्या मंगळवारचे. म्हणजे हातात एकच शनिवार उरला होता.

त्या रात्री जावयांनी कपाटातून एक वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. साबणाच्या वडीहून थोडी मोठी, जाडजूड, हिरवट-काळी. गार्मिन कंपनीचे ईट्रेक्स २२एक्स हे हातात धरायचे जीपीएस यंत्र. ते म्हणाले, "आई, हे पावसाला भीत नाही. साधे दोन पेन्सिल सेल घातले की कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे पंचवीस तास चालतं. आणि याला रेंज लागतच नाही, हे थेट उपग्रहांचं ऐकतं."

"मग आज का नाही आणलंत?"

"त्यात डब्यांची माहिती भरलेली नव्हती. ती लॅपटॉपवरून भरतात, आणि माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेलाय. मोबाइलवरूनही भरता येते म्हणतात, पण मला या आठवड्यात वेळ नाही हो."

मला एकदम आमच्या सासूबाई आठवल्या. त्या म्हणत, शिदोरी घरी बांधावी, वाटेत चूल शोधू नये. आमचे चुकले होते ते इथेच. रानात शिरल्यावर माहिती मागायला गेलो होतो! मी म्हटले, "मला आणि नातीला दाखवा कुठे काय आहे ते. दिवसभर मी रिकामीच असते."

आता हे काम कसे करायचे ते सविस्तर सांगते, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या नातवंडांकडे असे यंत्र असेल, आणि वाटते तेवढे ते अवघड नाही.

प्रत्येक डब्याची माहिती एका छोट्या फाइलमध्ये असते. जागेचे आकडे, डब्याचे नाव, तो किती अवघड आहे, लपवणाऱ्याने दिलेली खूण, सगळे त्यात. या फाइलला जीपीएक्स म्हणतात. खेळाच्या संकेतस्थळावर ती उतरवून घ्यायला वर्गणीदार असावे लागते, जावई होतेच. मोबाइलवर त्या डब्याचे पान उघडले, जीपीएक्सचे बटण दाबले की फाइल मोबाइलच्या 'डाउनलोड्स' कप्प्यात येऊन पडते. एका मुलखातल्या पुष्कळ डब्यांचे गाठोडेही एकदम मागवता येते, एका गाठोड्यात हजारपर्यंत डबे.

मग लागते जोडणी. मोबाइलला लावायचे एक बोटभर टोक मिळते, त्याला ओटीजी म्हणतात. त्याच्या दुसऱ्या तोंडात यंत्राची वायर बसते. ईट्रेक्सच्या पाठीवर रबरी झाकण आहे, त्याखाली वायरीचे भोक. हे भोक जुन्या पद्धतीचे, मिनी यूएसबीचे. आजच्या मोबाइलची वायर त्यात जात नाही.

माझी पहिली चूक इथेच झाली. घरातल्या ड्रॉवरमध्ये सापडली ती वायर मी लावली. यंत्राचा दिवा लागला, पण मोबाइलला त्याचा पत्ताच नाही! सोमवार गेला, मंगळवार गेला. शेवटी कळले की काही वायरी नुसती वीज नेतात, माहिती नेतच नाहीत. दिसायला दोन्ही सारख्या. यंत्राच्या खोक्यातली मूळची वायर शोधून लावली तशी यंत्राच्या पडद्यावर संगणकाचे चित्र उमटले. जोडणी झाल्याची ती खूण. काही मोबाइलमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करावे लागते, तेही ध्यानात असू द्या.

आता मोबाइलमधले 'फाइल्स' उघडले की तिथे यंत्र एखाद्या नव्या कपाटासारखे दिसते. त्यात 'गार्मिन' नावाचा कप्पा, त्याच्या पोटात 'जीपीएक्स' नावाचा कप्पा. 'डाउनलोड्स'मधल्या फाइलवर बोट दाबून धरायचे, 'कॉपी' म्हणायचे, आणि त्या जीपीएक्सच्या कप्प्यात नेऊन 'पेस्ट' करायचे. डाळ पिशवीतून डब्यात ओतावी, तितकेच. मात्र डबा बरोबर हवा! बाहेरच्याच कप्प्यात टाकली तर फाइल यंत्रात असते, पण यंत्राला दिसत नाही.

दुसरी चूक केली ती गाठोड्याच्या बाबतीत. गाठोडे येते ते 'झिप' करून, म्हणजे गच्च बांधून. मी ते तसेच्या तसे यंत्रात टाकले आणि यंत्र उघडून बघते तर आत शुकशुकाट! नात हसून लोळायची बाकी राहिली. "अगं आजी, गाठ सोडल्याशिवाय लाडू कसा दिसेल?" मोबाइलवरच आधी ते मोकळे करायचे, आणि निघालेली जीपीएक्स फाइल तेवढी न्यायची.

सगळे झाले की वायर खस्सकन ओढू नका. मोबाइलवर आधी 'इजेक्ट' करायचे, मग सोडवायचे. नाहीतर फाइल अर्धीच राहण्याची भीती. मग यंत्र चालू करायचे आणि 'जिओकॅशेस' या चित्रावर जायचे. गुरुवारी संध्याकाळी मी तिथे गेले आणि डब्यांची नावे एकाखाली एक ओळीने दिसली. तुम्हाला खोटे वाटेल, पण पहिल्यांदा पुरण जमले होते त्या दिवसाची आठवण झाली. लेक कामावरून आली तिला नातीने दारातच सांगितले, "आजीने केलं!"

शनिवारी सकाळी लवकर निघालो. यंत्र माझ्या मांडीवर. ४५ अंश १७.४६ कला उत्तर, १२२ अंश २४.८ कला पश्चिम, हे आकडे एव्हाना मला पाढ्यासारखे पाठ झाले होते. मोबाइलची रेंज ठरल्या जागी गेली. यंत्राला त्याचे काही नाही. "अजून दोन मैल... दीड... उजवीकडे घ्या बघू," मी सांगत होते आणि जावई मुकाट ऐकत होते! दीड महिन्यात प्रथमच त्या देशात कुणी मला वाट विचारत होते.

गाडीतून उतरलो. शेवाळाने मखमली झालेली खोडे, कमरेएवढी नेच्याची पाने, ओल्या मातीचा वास. आपल्या कोकणातल्या श्रावणाचा भास व्हावा, फक्त गारठा हाडात शिरणारा. यंत्राचा बाण इथे थोडी परीक्षा घेतो. उभे राहिले की तो भरकटतो, कारण त्यात होकायंत्र नाही. चार पावले चालले की पुन्हा वाटेवर येतो. आणि दाट झाडीखाली पाच-सहा मीटरचा फरक पडतोच. यंत्र अंगणापर्यंत नेते, डबा आपल्या डोळ्यांनीच शोधावा लागतो.

पाटी दिसली तशी नात धावत सुटली. डबा कुठे होता ते मात्र सांगत नाही, तो खेळाचा नियम आहे. मी पिशवीतून खमंग शेवेची पुडी ठेवायला काढली, तर तिने माझा हातच धरला. डब्यात खायचे काही ठेवायचे नसते, वासाने जनावरे येतात. "अगं, पण पहिल्या बादलीत उसळ होती ना?" मी म्हटले. "तेव्हा नियम नव्हते, आजी!" मग मी नेलेला सावंतवाडीचा बोराएवढा लाकडी आंबा तिने आत ठेवला. वहीत तिने आपले नाव इंग्रजीत लिहिले आणि पेन माझ्या हातात दिले. मी मराठीत सही केली. ती वही कोण कोण उघडेल कोण जाणे, पण तिच्यात आपली दोन अक्षरे आहेत.

मंगळवारी विमानतळावर नात म्हणाली, "पुढच्या वेळी आपण अजून डबे भरून घेऊ." मी म्हटले, "वायर मात्र जपून ठेव."

निघताना एवढे ध्यानात असू द्या:

• फाइली आदल्या दिवशीच भरा, आणि यंत्र घरातच उघडून नावे दिसतात का ते बघा.

• माहिती नेणारी वायर आणि ओटीजीचे टोक एका पिशवीत घालून यंत्राबरोबरच ठेवा.

• दोन जादा सेल, पेन आणि कोरडे फडके जवळ असू द्या. डब्यात पेन असेलच असे नाही.

• यंत्रात भरले तरी मुख्य जागेचे आकडे कागदावर लिहून घ्या.

• मुले असे यंत्र भारतात पाठवणार असतील तर आधी चौकशी करा. उपग्रहामार्फत निरोप पाठवणारी यंत्रे आपल्याकडे परवान्याशिवाय आणता येत नाहीत. ईट्रेक्स २२एक्स नुसते संकेत घेते, निरोप पाठवत नाही. पण दिसायला ही यंत्रे सारखीच असतात, तेव्हा नाव-नंबर पाहून खात्री करून घ्यावी.

आणि मैत्रिणींनो, लेकीकडे गेलात की "मला नाही जमायचं" हे वाक्य इथेच, घरच्या फडताळात ठेवून जा.