झेलमच्या काठाने



नदीच्या काठी फिरायला कोणाला आवडत नाही? पाण्यात पाय सोडून बसावे, खडे फेकावेत, पलीकडच्या काठावरची माणसे पाहावीत. वेळ कसा जातो ते कळतही नाही. माझ्या मालेगावातून मोसम नदी वाहते आणि पुढे गिरणेला मिळते. लहानपणी मी तिच्याच काठाने शाळेत जात असे. त्यामुळे कोठेही गेले, तरी आधी तिथल्या नदीची चौकशी करायची, अशी मला सवयच लागली आहे.

2023 च्या मे महिन्यात आम्ही काश्मीरला गेलो. मी, माझे पती आणि आमची दहा वर्षांची मुलगी. श्रीनगर म्हटले की सर्वांना दल सरोवर आणि शिकारे आठवतात. ते सुंदर आहेतच. पण आज मी तुम्हांला तिथल्या झेलम नदीविषयी आणि तिच्या पाण्याशी नाते असलेल्या बागांविषयी सांगणार आहे.

काश्मिरी लोक झेलमला व्यथ म्हणतात. हे नाव ऐकताच माझ्या मुलीने विचारले, "अम्मी, नदीला कसली व्यथा आहे?" आम्हांला हसू आले. मराठीत व्यथा म्हणजे दुःख. पण व्यथ हे नाव त्यावरून आलेले नाही. या नदीचे संस्कृत नाव वितस्ता. वितस्ताची बोलता बोलता व्यथ झाली.

ही नदी जिथे उगम पावते, ते ठिकाण म्हणजे वेरीनाग. पीर पंजाल पर्वताच्या पायथ्याशी, श्रीनगरपासून सुमारे 80 किलोमीटरवर ते आहे. जम्मूहून येताना लांबलचक बोगदा ओलांडला की आपण काश्मीरच्या खोऱ्यात उतरतो. तिथून वेरीनाग जवळच. आम्ही पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. समोर देवदारांनी झाकलेला डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी आठ कोनांचा दगडी हौद. हौदातले पाणी निळेहिरवे, इतके स्वच्छ की आतले मासे मोजावेत. हा हौद जहांगीर बादशहाने 1620 मध्ये बांधून घेतला. पुढे शाहजहानच्या काळात त्यासमोर बाग फुलली. हौदातले पाणी एका सरळ नहरेतून बागेच्या मधोमध वाहते आणि बाहेर पडून आपल्या वाटेने जाते.

तुमच्या लक्षात आले का? बाग, हौद, नहर हे शब्द तुम्ही घरीही बोलता आणि मराठीच्या तासालाही वाचता. उर्दूतला हौज मराठीत हौद झाला, एवढाच फरक. पूल हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. मात्र काश्मिरीत पुलाला कदल म्हणतात. जुन्या श्रीनगरात झेलमवर सात पूल प्रसिद्ध होते. त्यांतला जैना कदल पंधराव्या शतकातल्या सुलतान जैनुल आबिदीनच्या नावाचा आहे. अमीरा कदल, हब्बा कदल, फतेह कदल, अली कदल, नवा कदल, सफा कदल ही इतर सहांची नावे. त्यांपैकी बरेच पूल पुन्हा बांधले गेले, पण नावे तीच राहिली. पुलांच्या नावांवरूनच वस्त्या ओळखल्या जातात.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवरची नदी खळखळत, उड्या मारत जात असेल असे मला वाटले होते. पण येथे झेलम अगदी सावकाश वाहते. चारी बाजूंना डोंगर आणि मध्ये सपाट खोरे, त्यामुळे तिला घाई नसते. म्हणून पूर्वी खनबलपासून बारामुल्लापर्यंत माणसे आणि माल नावेनेच जात. आजही काठाला बांधलेल्या नावांमध्ये राहणारी कुटुंबे दिसतात. काठावर एक उंच बांध आहे. त्याला सगळे बंडच म्हणतात. त्यावर चिनारांची सावली असते. सकाळी म्हातारी माणसे तिथे फिरतात, मुले दप्तर घेऊन शाळेला जातात. राजबागजवळ लाकडी झिरो ब्रिज आहे. त्यावरून आता वाहने जात नाहीत. लोक संध्याकाळी पायी येतात, कठड्याला टेकून पाणी पाहतात.

मग आम्ही शालीमार आणि निशात या बागा पाहिल्या. शालीमार जहांगीरची, तर निशात 1633 मध्ये नूरजहानचा भाऊ आसफ खान याने उभी केलेली. निशातला डोंगरापासून सरोवरापर्यंत उतरत येणारे बारा टप्पे आहेत. प्रत्येक टप्प्यावरून पाणी खाली कोसळते, कारंजी उडवते आणि पुढे निघते. कारंजी उडवायला त्या काळी पंप नव्हता, वीज नव्हती. उतारावरून येणाऱ्या पाण्याचा जोर, तेवढेच साधन. मी माळ्याला विचारले, "हे पाणी शेवटी जाते कुठे?" तो म्हणाला, "बाजी, दलमध्ये. आणि दलमधून दलगेटवाटे व्यथमध्ये." म्हणजे या बागांचे पाणीही शेवटी नदीचेच! बाग बांधणाऱ्यांनी पाणी अडवून ठेवले नाही. त्याला चांगली वाट करून दिली आणि ते जाता जाता त्याचा आनंद घेतला.

ही गोष्ट मला नीट कळली ती मात्र बागेत नव्हे, एका घरात.

आम्ही राजबागमध्ये एका निवृत्त शिक्षकांच्या घरी खोली घेऊन राहिलो होतो. सगळे त्यांना मास्टरसाहेब म्हणत. मीही शिक्षिका आहे हे कळल्यावर ते मला बेटी म्हणू लागले. रोज सकाळी त्यांच्या घरून गुलाबी, खारट नून चहा आणि गरम गिरदा यायचा. एके दिवशी जिना चढताना माझ्या मुलीने भिंतीवर एक तपकिरी रेघ पाहिली. ती रेघ माझ्या डोक्यापेक्षा बरीच वर होती.

"ही कोणी काढली?" तिने विचारले.

"व्यथने," मास्टरसाहेब म्हणाले.

सप्टेंबर 2014 च्या पहिल्या आठवड्यात काश्मीरमध्ये दिवसरात्र पाऊस कोसळत होता. 7 सप्टेंबरला झेलमचे पाणी श्रीनगरात पसरले. राजबाग, जवाहरनगर, लाल चौक, सगळे पाण्याखाली गेले. त्या पुरात जम्मू-काश्मीरमध्ये शेकडो लोकांचे प्राण गेले. मास्टरसाहेबांचे कुटुंब तीन दिवस वरच्या मजल्यावर अडकून होते. अखेर शेजारच्या मोहल्ल्यातले तरुण शिकारा घेऊन आले आणि त्यांनी सर्वांना खिडकीतून उतरवले. माणसे वाचली. पण खालच्या खोलीत मास्टरसाहेबांनी चाळीस वर्षे जमवलेली पुस्तके होती. ती सगळी चिखल झाली. एकच पुस्तक त्यांनी जपून ठेवले आहे. पाने फुगलेली, शाई पसरलेली. ते उघडता येत नाही. त्यांनी ते माझ्या हातात दिले. मला काय बोलावे ते सुचेना.

थोड्या वेळाने मी विचारले, "तुम्हांला या नदीचा राग येत नाही?"

ते म्हणाले, "बेटी, लोक सांगतात, व्यथ आमच्या घरात शिरली. खरे पाहिले तर आमचीच घरे तिच्या अंगणात जाऊन बसली होती."

त्यांनी मला समजावून सांगितले. पाऊस फार झाला की सावकाश वाहणाऱ्या झेलमला पसरायला जागा लागते. पूर्वी शहराभोवती पाणथळ जमिनी होत्या. त्या पाणी शोषून घेत. खाली वुलर सरोवर होते. ते जास्तीचे पाणी पोटात घेई. 1903 मध्ये मोठा पूर आला, तेव्हा शहराबाहेरून पाणी वळवण्यासाठी एक कालवा खोदण्यात आला. पण पुढे कालव्यात गाळ साचला, वुलर आक्रसले, पाणथळ जमिनींवर भराव पडले आणि त्यांवर घरे उभी राहिली. नदीची जागा कमी होत गेली, पाणी मात्र तेवढेच राहिले.

त्या संध्याकाळी मास्टरसाहेब आमच्याबरोबर बंडवर फिरायला आले. पाण्यावर बल्बांचा उजेड हलत होता. नदीने त्यांची पुस्तके नेली होती, तरी ते रोज तिच्या काठी येतात. ते म्हणाले, "ऑक्टोबरच्या अखेरीस या, तेव्हा चिनार लाल होतो. सारा काठ पेटल्यासारखा दिसतो." त्यांच्या आवाजात कौतुक होते. नदीवर प्रेम करणे आणि नदीला ओळखून असणे, ही दोन्ही कामे ते एकाच वेळी करत होते.

मित्रांनो, काश्मीरला जायला सर्वांनाच जमेल असे नाही. पण नदी बहुतेक प्रत्येक गावाजवळ असते. उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते. मग कोणी तिथे राडारोडा टाकतो, कोणी भिंत घालतो. नदी तर दिसतच नाही, मग जागा कोणाची, असे त्यांना वाटते. पण पावसाळ्यात ती आपली जागा शोधत येते. काठावर बाग असावी, बाके असावीत, मुलांना खेळायला मोकळी जागा असावी. पूर आला तर बाग भिजते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा हिरवी होते. घराचे तसे होत नाही.

या सुट्टीत तुमच्या गावच्या नदीकाठी जा. आजोबांना किंवा नानाजानना बरोबर घ्या. त्यांच्या लहानपणी पुराचे पाणी कोठपर्यंत यायचे, ते त्यांना विचारा. मग त्या जागी जाऊन उभे राहा आणि आज तिथे काय आहे ते वहीत लिहून ठेवा. पाण्यात पाय सोडून बसायला त्यानंतरही भरपूर वेळ आहे.