वेलीचा डोळा

(द्वितीय वर्ष, कला)

मुलगी सहावी-सातवीत गेली, फ्रॉक आखूड होऊ लागला, की आमच्याकडच्या बायका तिच्याकडे पाहून हमखास म्हणतात, "पोरीची जात, वेलीसारखी वाढती बघा." ऐकणाऱ्याला ते कौतुक वाटते. पण म्हणणारीच्या स्वरात काळजी असते. वेल वाढली, आता तिला मांडव पाहा, असा त्याचा सरळ अर्थ. माझ्या थोरल्या ताईने हे वाक्य ऐकले, मीही ऐकले. फरक एवढाच, की आमच्या घरात वेलींविषयी जाणकारी जरा जास्त आहे. त्यामुळे त्या वाक्यावर विचार करण्याची सवय मला लागली.

आमचा इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस बेताचाच. नीरा डाव्या कालव्याने आणि उजनीने पाणी दिले म्हणून इथे ऊस उभा राहिला, बोरीकडे द्राक्षबागा फुलल्या, निमगाव केतकीला पानमळे टिकले. आण्णांची शाळा चौथीत सुटली. तेव्हापासून हातात आधी खुरपे आणि मग कात्री. स्वतःची बाग नाही. टोळीबरोबर दुसऱ्यांच्या बागा छाटायला जातात.

द्राक्षाच्या छाटण्या दोन. एप्रिलमधली खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. खरड छाटणीत काडी अगदी आखूड करतात. मग नव्या काड्या फुटतात आणि भर उन्हाळ्यातच त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड धरू लागतात. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. म्हणून फळछाटणीला डोळे मोजून, घडाचा डोळा राखून कात्री चालवावी लागते. काप खाली बसला तर काडीला नुसता पाला येतो. आण्णांना हे पुस्तकातून कळलेले नाही. ते काडी बोटांत फिरवतात आणि म्हणतात, "ह्या डोळ्यात माल हाय."

आमच्या दारात मात्र द्राक्षवेल नाही, मधुमालती आहे. आई एका बागायतदारांकडे खुरपायला जायची. तिथे मुळाशी फुटलेला एक धुमारा तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि मोरीच्या पाण्यावर लावला. पहिले वर्ष तो मुकाट बसून होता. दुसऱ्या पावसाळ्यात जी उसळी घेतली ती थेट पत्र्यावर! मधुमालतीला द्राक्षासारखे ताणे नसतात. पान गळते, पण त्याचा देठ मागे राहून काट्यासारखा कडक होतो. त्या आकड्यांवर ती स्वतःला अडकवीत वर जाते. तिने पन्हळ भरली, चुलत्यांच्या पत्र्याखाली फांद्या घातल्या, विजेच्या तारेला हात लावला. मुळांतून नवे धुमारे काढून ती आईच्या लसणाच्या वाफ्यातही उगवली.

पण फुलते तेव्हा सारे माफ. संध्याकाळी उमलणारे फूल पांढरे असते. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी, नंतर लालभडक होऊन खाली झुकते. एकाच झुपक्यात तिन्ही रंग नांदतात. रात्रीच्या वासावर लांब सोंडेचे पतंग येतात, दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरे.

कॉलेजच्या ग्रंथालयात तिच्या नावाची हकीकत वाचली. मलायी भाषेत तिला 'उदानी' म्हणत. सतराव्या शतकात रुम्फियस नावाच्या अभ्यासकाने डच भाषेतल्या 'कशी' या अर्थाच्या शब्दाशी ते जुळवले आणि लॅटिनमध्ये नाव दिले 'क्विस्क्वालिस'. म्हणजे 'कोण? कशी?' लिनियसने १७६२ साली तेच कायम केले. आता शास्त्रज्ञ तिला कोम्ब्रेटम प्रजातीत धरतात. जुने नाव वाचून मला हसू आले. पाहुणे मुलगी बघायला येतात तेव्हा दुसरे काय विचारतात?

एका चैत्रात आण्णा कामावर असताना चुलत्यांनी कोयता घेतला आणि वेल कमरेइतकी ठेवून बाकी भुईसपाट केली. कळे नुकतेच धरू लागले होते. मधुमालतीला फूल येते ते नव्या फुटीच्या शेंड्यावर, शेंडेच गेले. त्या उन्हाळ्यात एक फूल दिसले नाही. आण्णा चुलत्यांशी भांडले नाहीत. "छाटायला पायजेच हुती, पर येळ चुकली," एवढेच म्हणाले.

त्याच वर्षी ताई बारावीला वर्गात पहिली आली आणि निकालाच्या आधीच तिची सुपारी फुटली होती. वेल पावसाळ्यात पुन्हा फुटली. ताईचे कॉलेज काही फुटले नाही. ती सुखात आहे, घरची माणसे चांगली आहेत. पण माहेरी आली की माझी पुस्तके उघडते आणि पुष्कळ वेळ एकाच पानावर असते.

यंदा दिवाळीनंतर माझ्यासाठी स्थळ आले. ओट्यावर भावकी बसली. "किती वाढवायची पोरगी?" असा प्रश्न निघाला. आण्णांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, "डोळ्यात माल हाय. आत्ता काप न्हाई बसायचा." छाटणी करणाऱ्या माणसाशी या विषयात वाद घालायला कुणी पुढे झाले नाही.

वेल मोकाट सोडावी असे माझे म्हणणे नाही. संक्रांत उरकली की आमची मधुमालती मीच छाटते. तीन-चार जाड खोडे तारेला बांधायची, वाळके काढायचे, बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आणायच्या, मुळाचे धुमारे खणून टाकायचे. असे केले तरच ती पत्रा सोडून दारावर फुलते. मलाही बंधने आहेत, साडेपाचची एस.टी. चुकली तर घरी जाब द्यावा लागतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागणे एकच आहे: कात्री ज्याच्या हाती आहे त्याला डोळा ओळखता यावा.

गेल्या पावसाळ्यात मुळाचा एक धुमारा मी ताईच्या घरी नेऊन लावला. तो जगला आहे. ताईने मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणून ठेवला आहे. अजून भरलेला नाही. भावजींना विचारते, म्हणाली.