गोठ्यात नव्याने आलेल्या कालवडीस

प्रिय कालवडे,

टेम्पोतून उतरवून तुला मुक्तसंचार गोठ्यात सोडलं, फाटकाला कडी घातली आणि माणसं चहाला गेली. त्यानंतर तुझ्यावर जे गुदरलं त्याची नोंद कुणाच्या वहीत नाही. वहीत तुझी किंमत आहे, लसीची तारीख आहे, कधी विणार याचा अंदाज आहे. तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्यांना वाचता येतं त्यांच्यासमोर तुझ्याशीच बोलावं असं वाटलं.

आधी सगळ्या जणी तुला हुंगायला आल्या. मग ती थोराड, तीन-चार वेतांची गाय पुढे झाली. तिने मान खाली घातली, कपाळ तुझ्याकडे रोखलं आणि जागीच उभी राहिली. तू तोंड फिरवून बाजूला सरकलीस. गायींच्या रीतीप्रमाणे भांडण तिथेच मिटलं होतं. हटणं म्हणजे मान्य करणं, आणि हटलेलीच्या मागे कुणी लागत नाही. पण दुसऱ्यांदा ती आली तेव्हा तू कोपऱ्यात होतीस. एकीकडे भिंत, दुसरीकडे लोखंडी पाइप. तुला हटायला जागाच नव्हती आणि तिला वाटलं, ही मानत नाही. म्हणून ती ढुशी तुझ्या बरगडीत बसली. दोष मी तिला देणार नाही. ज्याने कोपरा तसा बांधला त्याला देईन.

तिचा मान तिला कळपानेच दिला आहे. शाइन आणि फोरमन या अमेरिकी संशोधकांनी 1955 साली दुभत्या गायींच्या कळपातली ही उतरंड मांडली. वय आणि वजन जास्त तिचा वरचष्मा, असं त्यांना दिसलं. कळपात जुनी असणं आणि शिंगं असणं हेही उपयोगी पडतं. एकदा कोण कुणाला वाट देणार हे ठरलं की रोजच्या टकरी थांबतात, नुसती मान वळली तरी पुरतं. उतरंड असते म्हणूनच इतकी अवजड जनावरं एकत्र राहू शकतात. मात्र नवी गाय आली की घडी विसकटते आणि पुन्हा बसायला काही दिवस लागतात. कॅनडात मरीना फॉन कायझरलिंक आणि सहकाऱ्यांनी 2008 साली हेच मोजलं. अनोळखी कळपात सोडलेल्या गायीला गव्हाणीवरून वारंवार हुसकावलं गेलं, ती कमी वेळ बसली आणि पहिल्याच दिवशी तिचं दूध घटलं.

काल संध्याकाळी तुझंही तेच झालं. मूरघास पडला तशा सगळ्या गव्हाणीला लागल्या. तू दोनदा मान घातलीस, दोनदा हुसकावली गेलीस, मग मागे उभी राहून वाट पाहिलीस. तुझी पाळी आली तेव्हा मक्याचे जाड दांडेच उरले होते. ‘खाईल नंतर, कुठे जाते,’ असं कुणीतरी म्हणालं. ते मला फार लागलं. गायी चरतात बरोबर, बसतात बरोबर, रवंथ करतात बरोबर. बाकीच्या बसल्या असताना एकटीने उभं राहून उष्टं खाणं तुमच्या जातीच्या स्वभावात नाही. एका गायीला गव्हाणीवर दोन-अडीच फूट जागा लागते. तेवढी दिली नाही तर उतरंडीतल्या सगळ्यात खालचीला रोज उपास घडतो, आणि इथे खालची तू आहेस.

पण रात्रभर तू हंबरत होतीस ती भुकेने नव्हे. बाजारात तुझ्याबरोबर एक तांबडी-पांढरी कालवड होती, त्याच गोठ्यातली, तुझ्याच वयाची. तिला दुसऱ्या गिऱ्हाइकाने नेलं. व्हिक्टर आणि अ‍ॅनी राइनहार्ट यांनी केनियात वशिंडाच्या गायींचा, म्हणजे आपल्या खिल्लार-देवणीच्या भाऊबंदांचा, कळप वर्षानुवर्षं पाहिला. त्यांना दिसलं की गायींच्या जोड्या असतात आणि त्या टिकतात. ठरावीक मैत्रिणीजवळच चरायचं, तिच्याकडूनच मान चाटून घ्यायची. मान आणि डोकं, जिथे स्वतःची जीभ पोचत नाही तिथे दुसरीची लागते. इंग्लंडमध्ये क्रिस्टा मॅक्लेनन यांनी गायींचे हृदयाचे ठोके मोजले. जिवाभावाची सोबतीण शेजारी असली की ते संथ असतात, परकी असली की वाढतात. फ्रान्सिस गॉल्टनने तर 1871 सालीच लिहून ठेवलं आहे की आफ्रिकेतल्या डमारा मुलखात कळपापासून तोडलेला बैल कासावीस होतो आणि परत मिळाला की थेट कळपाच्या मध्ये घुसतो. बाजारात तुमची दाढ पाहतात, कास पाहतात, चाल पाहतात. कोण कुणाजवळ उभी राहते हे पाहणारा मला अजून भेटला नाही.

गायरानात गुरं एकत्र चरत तेव्हा नव्या गायीला निदान पळायला रान होतं. तिथे कुणी अंगावर आली तर वीस पावलं लांब जाऊन तोंड खाली घालता येई. मोकळा गोठा दावणीपेक्षा चांगला हे मी आजही म्हणेन. पण दावं सोडलं म्हणजे जनावर मोकळं झालं असं होत नाही, त्याला बाजूला व्हायला जागाही हवी.

तुझ्या मालकाशी मी बोलले. माणूस वाईट नाही, कर्जाचे हप्ते आहेत. नवी जनावरं एकेक न आणता दोन-तीन मिळून आण, आणि शक्यतो एकाच गोठ्यातली, असं मी सांगितलं. ती तांबडी-पांढरी कुठे गेली याची चौकशी करतो म्हणाला. कोपऱ्यातले दोन पाइप मात्र त्याने माझ्यादेखत काढले, आणि तुझ्यासाठी पलीकडच्या भिंतीला वेगळी गव्हाण टाकायचं कबूल केलं आहे. ती होईपर्यंत पाण्याला दुपारीच जा, मागच्या हौदावर. थोरली त्या वेळी सावलीत बसलेली असते.

तुझी,
शेजारच्या गोठ्यातली